देश पुन्हा बंद व्हायच्या आत

९ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तू, जावईबापू आणि त्यांची ती माजलेली मांजर मजेत असाल अशी आशा आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोन सोडून बाबा कागद-पेन घेऊन का बसले, असं तुला वाटेल. तर त्याचं असं आहे की माझ्या उजव्या कानाला दडे बसलेत आणि डॉक्टरांनी फोन टाळायला सांगितलाय. डाव्या कानाचं विचारशील, तर डाव्या कानाने मला फोनवर बोलायची सवय नाही. मग आईला द्या म्हणशील, तर आईचा घसा बसलाय. एकाच घरात एकाचा कान आणि एकाचा घसा एकदम बिघडावा हा निव्वळ योगायोग आहे. फार खोलात जाऊ नकोस.

लिहायचं कारण वेगळंच आहे. आम्ही परदेशप्रवासाचं ठरवतो आहोत. कुठे, तर तिकडे! तुझ्या शाळेच्या नकाशात जो देश नुसता करडा रंगवलेला असायचा, आत ना शहर ना नदी, तो. इतकी वर्षं आतून कडी लावून बसला होता. आता म्हणतो, या. आणि सरकारी माणूस बरोबर न घेता, हवं तिथे हिंडा. आईनेच पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि चष्मा काढून म्हणाली, "जाऊ या."

मी म्हटलं, "बघू या."

आपल्या घरातला 'बघू या' तुला माहीत आहे. समुद्रकिनाऱ्याचा बेत मी भरती-ओहोटीपायी बारगळवला, डोंगरावरचा बसच्या टायरांपायी. पण या वेळी मी खरंच मनावर घेतलं. प्रवासी कंपन्यांच्या सहली निघाल्या होत्या, पण आईचं म्हणणं, कुणाच्या झेंडीमागे मेंढरांसारखं हिंडायला ती येणार नाही. आपलं आपण जायचं. मलाही पटलं. दुसऱ्याने केलेल्या तयारीवर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवलेला नाही.

तुला कल्पना आहे, माझा उभा जन्म लिफ्ट तपासण्यात गेला. माणसं आत शिरतात, बटण दाबतात आणि आरशात केस सारखे करतात. आपण कशाला टांगलेले आहोत हे कुणी वर बघत नाही. मी बघायचो. ती खोड प्रवासालाही लागू होते. तुझी आई बटण दाबणाऱ्यांतली. इस्पितळाच्या टेलिफोनवर बसून सगळ्या गावाशी बोलण्यात तिची नोकरी गेली. समोरून कुणीतरी उत्तर देणारच, हा तिचा आयुष्याबद्दलचा समज आहे.

तर मी त्यांच्या वकिलातीत गेलो. वकिलात म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक खोली. जिन्यात कातड्याचा वास. आत एकच अधिकारी, कोपराला विरलेला स्वेटर घातलेला. मी पर्यटक आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मला संकोच वाटला. त्याने खणातून नवा कोरा शिक्का काढून दाखवला, अजून डबीतच होता. पहिलं गिऱ्हाईक मीच. मग त्याने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, की पर्यटक नक्की करतात काय?

मी सांगितलं, की ते हिंडतात, इमारती बघतात, जेवतात, फोटो काढतात आणि परत जातात. त्याने हे सगळं मनात घोळवलं. म्हणाला, "आणि याचे त्यांना पैसे मिळतात?" मी म्हटलं, मिळत नाहीत, त्यांनाच द्यावे लागतात.  पुढे त्याने मला जो चहा पाजला त्यात आदर होता की दया, ते अजून ठरलेलं नाही.

मी शिक्का लगेच मारून घेतला नाही. आधी शंका फिटायला हव्यात. आम्हाला जायचं आहे त्या तळ्याकाठच्या गावात म्हणे एकच हॉटेल आहे आणि त्याला लिफ्ट आहे. मी लिफ्टची चौकशी केली. बिचाऱ्याने माझ्यासमोर तिकडे फोन लावला. बराच वेळ बोलून फोन ठेवला आणि आनंदाने सांगितलं, की लिफ्ट उत्तम आहे, वर जाते. खाली यायला जिना आहे.

भाषाही शिकतोय. ग्रंथालयात एका जुन्या रेडिओ-पाठमालेच्या कॅसेट मिळाल्या. फक्त ती पाठमाला शेतीसंघांसाठी केलेली असावी. मला आता "माझ्या भावाचा नांगर कुठे आहे?" आणि "या वर्षी बीट छान आलं आहे" ही वाक्यं अस्खलित येतात. गरज कितपत पडेल सांगता येत नाही.

एक किरकोळ विचारायचं होतं. गॅसचं डावीकडचं बटण दाबून फिरवायचं की फिरवून दाबायचं? आणि वाटीभर तांदळाला पाणी किती? आईला विचारलं असतं, पण घसा.

उत्तर पत्रानेच पाठव. फोन मी उचलणार नाही, कान.

तुझे बाबा
(आईचेही आशीर्वाद. ती सध्या जरा बाहेर गेली आहे.)


२७ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लहानपणी तुला निबंध वाढवून लिही म्हणून सांगावं लागायचं, ती सवय गेलेली दिसत नाही. 'बाबा, आई कुठे आहे?' एवढ्या मजकुराला पाकीट कशाला, कार्ड पुरलं असतं. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तुला फोनवर काय सांगितलं हेही कळलं. दुसऱ्यांच्या तोंडात बघायची सवय लागलेली बाई, घरात बघायला किती वेळ लागणार.

आई तिकडे आहे.

तिकडे म्हणजे तिकडेच. त्या देशात. एकटी. मागचं पत्र मी लिहिलं तेव्हाही ती तिकडेच होती. आत्ताच सांगून टाकतो, माझा कान ठणठणीत आहे.

कसं झालं ते सांगतो. एका सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि मी तिला रेल्वेच्या पुलाविषयी सांगत होतो. तळ्याच्या गावाला जाणारी गाडी एका लांबलचक पुलावरून जाते. पूल जुना. देश बंद असताना तो तपासला का, तपासला तर कुणी, याची नोंद कुठेही मिळत नव्हती. त्यांच्या रेल्वेला मी पत्र टाकलं होतं, उत्तर यायचं होतं. आईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण निघायचं कधी?"

मी म्हटलं, "तयारी झाली की."

"तुमची तयारी होईस्तोवर तो देश पुन्हा बंद होईल."

मी हसलो. मला ते विनोदी वाटलं. तिने कप विसळून पालथा घातला, साडी बदलली आणि पिशवी घेऊन बाहेर पडली. मला वाटलं, भाजी. दुपारी आली ती व्हिसा घेऊनच. त्या डबीतल्या शिक्क्याचा पहिला ठसा तिच्या पासपोर्टवर उमटला होता. वर तो अधिकारी तिला पोचवायला चपलांच्या दुकानापर्यंत खाली उतरला होता म्हणे. मी चार खेपा घालून त्याच्याकडून पुलाची माहिती काढू शकलो नाही. हिला एका खेपेत त्याच्या आईचे गुडघे, बहिणीचं लग्न आणि त्याला इथे किती एकटं वाटतं, सगळं ठाऊक. साहेबांचाही व्हिसा देऊन टाकू का, असं त्याने विचारलं होतं. ही म्हणाली, त्यांचं अजून ठरायचंय.

मग तिने तिकीट काढलं. मला तारीख सांगितली. येता का म्हणूनही विचारलं, एकदा नाही, अनेकदा. मला ती धमकी वाटली. संसारात आपण एकमेकांना अशा थोड्या का धमक्या देतो? मी तिच्या बॅगेत औषधांचा डबा, बॅटरी आणि शिट्टी ठेवली. तिने शिट्टी काढून ठेवली. तेव्हाही मला वाटत होतं, आयत्या वेळी राहील.

विमानतळावर मी तिला सांगत होतो की विमानात शिरल्या शिरल्या बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघून ठेव. तिने विचारलं, "शेवटचं विचारते. येताय?" दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट मिळत होतं, ठकू, आणि शिक्का तर तो अधिकारी मागेन तेव्हा मारणार होता. मी खिडकीवर चौकशी करून ठेवली होती. पण तोंडातून निघालं ते हे, की पुलाचं उत्तर अजून आलेलं नाही. तिने माझी कॉलर सारखी केली आणि निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेली बाई परत येते. ही मजेत गेली. तपासणीच्या रांगेत पुढच्या बाईशी तिचं बोलणं सुरू झालेलं मी काचेतून बघितलं.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आई तुम्हाला टाकून गेली. मग ते मला ऐकावं लागलं असतं. आणि तुझ्याशी खोटं फोनवर बोलता येत नाही. तू लगेच विचारतेस, "बाबा, आवाजाला काय झालं?" कागदाला आवाज नसतो.

तिला तिकडे काहीतरी होईल, ही काळजी मला खाते आहे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. स्वतःलासुद्धा. पण रोज एकट्याने अंडं उकडून खाताना माणूस स्वतःला फार दिवस फसवू शकत नाही. मला भीती होती ती तिला काहीच होणार नाही याची. ती जाईल, हिंडेल, चार माणसं जोडेल आणि कुठेही तिचं माझ्यावाचून अडणार नाही. इतक्या वर्षांत मी वर बघत उभा राहिलो म्हणून ती सुखरूप आहे, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली तर मी करत काय होतो?

सुरुवातीला तिचे फोन यायचे, मोजकेच. पोचले, थंडी आहे, माणसं चांगली आहेत, जेवलात का. मी विचारायचो लिफ्टबद्दल. आता कित्येक दिवस फोनच नाही. मी वकिलातीत जाऊन बसतो. तो अधिकारी माझ्यासाठी चहा करतो आणि आम्ही दोघं फोनकडे बघत बसतो. त्याला त्याच्या आईची आठवण येते. मला कुणाची येते ते तू समजून घे.

भात जमायला लागला आहे.

तुझे बाबा

ता. क. (१ मार्च). पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज मी हिय्या करून त्या हॉटेलला थेट फोन लावला. हॉटेलवाल्याला फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, वाक्यं पाठ केली होती. नांगराशिवायचीसुद्धा. बरीच खरखर झाली आणि एका बाईने फोन उचलला. त्यांच्याच भाषेत काहीतरी म्हणाली, पण तो चढउतार, ते शेवटचं अक्षर जरा लांबवणं! इस्पितळात रात्रंदिवस लोकांना धीर देणारा आवाज मी ओळखणार नाही का?

मी म्हटलं, "तू तिथे काय करते आहेस?"

"एक मिनिट थांबा हं, दुसऱ्या लाइनवर माणूस आहे."

आणि मला थांबवून ठेवलं. मी थांबलो. इतका आज्ञाधारकपणे मी कुणासाठीही थांबलेलो नाही.

झालं होतं असं की देश उघडल्यावर हॉटेलला परदेशातून फोन यायला लागले, आणि तिथली पोरगी घंटा वाजली की घाबरून पळून जायची. दोन-तीनदा बघितल्यावर आई उठून टेबलामागे जाऊन बसली. तेव्हापासून तिथेच आहे. लाइन दिवसभर लोकांची, म्हणून तिला घरी फोन करायला फावलं नाही! पोरीला शिकवते आहे म्हणे. पोरीने तिला शंभरएक शब्द शिकवलेत. एवढं सांगून तिने एकदम आवाज बदलला.

"खोली हवी होती का, साहेब?"

मी म्हटलं, "हो."

"किती जणांसाठी?"

"एका."

"एकट्याची खोली नाही. दोघांची आहे, पण तीत एक बाई आधीपासून राहतात. चालेल?"

मी म्हटलं, चालेल.

"कधी येताय?"

"त्या पुलाचं उत्तर—"

"साहेब. कधी?"

मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी. का शुक्रवार, मला माहीत नाही. तोंडाला आला तो वार. ती म्हणाली, लिहून घेतलं, घ्यायला कुणी येणार नाही, स्टेशनावर उतरून विचारत विचारत या. आणि फोन ठेवला.

मी तसाच वकिलातीत गेलो आणि त्या अधिकाऱ्याने माझ्या पासपोर्टवर शिक्का मारला. या खेपेला शिक्का त्याने डबीत परत ठेवला नाही. 


१४ मार्च

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तिकडून, म्हणजे आता इकडून, लिहितो आहे.

मी आलो. येताना काय काय झालं ते सगळं लिहीत बसलो तर वेळ पुरणार नाही. पण पुलाचं सांगतो, कारण तू विचारशील. रात्रीच्या विमानात मी डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता, इंजिनाकडे लक्ष ठेवून होतो. त्यामुळे गाडीत जे डोकं टेकलं, ते शेजारच्या म्हाताऱ्याने हलवून जागं केलं तेव्हाच उचललं. मी खुणेने विचारलं, पूल? त्याने अंगठ्याने मागे दाखवलं. गेला होता.

स्टेशनावर उतरलो. गाडी निघून गेली आणि मी एका हातात बॅग घेऊन उभा. हॉटेलचं नाव लिहिलेला कागद कोटात होता आणि तो कोट गाडीत राहिला होता. म्हातारा खिडकीतून काहीतरी ओरडत होता ते त्याचंच असावं. आता विचारत जायचं, पण विचारायचं काय? मला त्यांच्या भाषेतला प्रश्न एकच येत होता. फाटकाशी एक बाई पाव विकत होती. तिच्याजवळ गेलो आणि अत्यंत अदबीने विचारलं, की माझ्या भावाचा नांगर कुठे आहे?

तिने मला पुन्हा म्हणायला लावलं. मग शेजारणीला बोलावलं, मी तिच्यासाठी पुन्हा म्हटलं. बघता बघता बरीच मंडळी जमली. कुणीही हसायचं थांबत नव्हतं आणि कुणीही हलायला तयार नव्हतं. मीही हसायला लागलो, दुसरं करणार काय. शेवटी मी कानाला मूठ लावून फोनची खूण केली आणि डोक्यामागे हाताने अंबाडा दाखवला. त्याबरोबर सगळे एकदम ओरडले. टेलिफोनवाली! सगळ्या गावाला ठाऊक. मला पावाच्या गाडीत, पावांच्या मध्ये बसवून हॉटेलच्या दारात नेऊन सोडलं. माझ्या अंगाला अजून ताज्या पावाचा वास येतो, असं आई म्हणते.

आई टेबलामागे होती. जरा काळवंडली आहे, बारीकही झाली आहे. कुणाचा तरी लोकरीचा सदरा घातला होता. मला वाटलं होतं, काही बोलेल. तिने वही पुढे सरकवली आणि सही करायला सांगितलं. मी सही केली. मग मात्र तिला चष्मा पुसावा लागला.

लिफ्ट बघितली. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तू आईची मुलगी असलीस तरी थोडी माझीही आहेस, तुझी झोप उडेल.

संध्याकाळी आम्ही दोघं तळ्यावर गेलो. तळं मोठं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही. बाकावर बसल्यावर मी तिला म्हटलं, तू तर इथे अगदी घरच्यासारखी रुळलीस, तुला काही कुणाची गरज नव्हती. जरा कुजकटच बोललो.  मग तिने सांगितलं, पहिल्या रात्री तिने दाराला खुर्ची लावली होती, खुर्चीवर बॅग आणि बॅगेवर स्वतःचे बूट. उजेड होईपर्यंत ती पलंगावर बसून होती. कुणाचा एक शब्द कळत नाही, काही झालं तर सांगायचं कुणाला. आपण हा काय वेडेपणा केला, असं वाटून ती रडलीसुद्धा होती. तुझी आई, ठकू. मी तिला फक्त कांदा चिरताना रडताना बघितलं आहे.

मी म्हटलं, "मग मला फोनवर सांगितलं का नाहीस? मी पुलाची पर्वा केली नसती. त्याच पावली आलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही मला न्यायला आला असतात. मला तुम्ही नुसते यायला हवे होतात."

  मी माझा मफलर काढून तिच्या गळ्यात घातला, तर ती म्हणाली, थंडी तुम्हाला वाजते आहे, मला नाही. ते खरं होतं. पण मफलर तिने ठेवून घेतला.

ती पोरगी आता फोन छान घेते. काल तिने एका परदेशी माणसाला पाच मिनिटं थांबवून ठेवलं तेव्हा आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं तू पहिल्यांदा सायकल चालवलीस तेव्हा बघितलं होतं. आई आजपासून मोकळी झाली. व्हिसा अजून शिल्लक आहे, तिचा थोडा, माझा बराच. इथून पूर्वेकडे एक बस जाते. रात्री ती कुठल्याशा गावात थांबते, पण कुठल्या, ते हॉटेलात तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. तिथे उतरायला जागा आहे का, ते कुणालाच ठाऊक नाही. आईने बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, जाऊ या. 

तू उत्तर कुठे पाठवायचं ते आम्हालाच माहीत नसल्याने लिहीत नाही. हे पत्र त्या पोरीकडे देतो आहे, ती टाकेल. जावईबापूंना आशीर्वाद सांग. आणि त्यांना घेऊन तूही कुठेतरी जा. फार चौकशा करू नकोस.

बस आली आहे. टायर बघायला मी वाकलो होतो, पण आई आत जाऊन बसली आहे आणि खिडकीतून हाका मारते आहे. जागा धरून ठेवली आहे म्हणते.

तुझे
बाबा